रविवारची वजाबाकी

१

रविवारी सकाळी आईचं वजन करायचं, हा बेबीच्या घरातला नेम होता. बेबी म्हणजे पन्नाशी ओलांडलेली बाई, चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणारी, केस निम्मे पांढरे. पण शेंडेफळ म्हणून लहानपणी जे नाव पडलं ते पडलंच. घरात कुठलीही अडचण आली की सगळे म्हणत, "बेबी आहे ना." वडील गेले तेव्हा बेबी होती. दादाची बदली झाली, वहिनीला तिकडचं हवामान मानवलं आणि ते तिकडचेच झाले, तेव्हाही इकडे बेबी होतीच. आईला अर्धांगाचा झटका आला, उजवं अंग गेलं, वाचा गेली, तेव्हा तर कुणाला विचारायचीही गरज पडली नाही.

आईला उभं राहता येत नसे. त्यामुळे वजन करायची एकच रीत होती. बेबी एक हात आईच्या पाठीखाली आणि एक गुडघ्यांखाली घालायची, उचलायची, तशीच काट्यावर उभी राहायची आणि आकडा पाहायची. मग आईला पलंगावर नीट ठेवून स्वतः एकटी उभी राहायची. मोठ्या आकड्यातून लहान वजा केला की आई उरायची. दोघींचं मिळून सत्त्याण्णव, बेबीचं चौपन्न, आईचं त्रेचाळीस. थोडं इकडे, थोडं तिकडे.

काटा दादानं पाठवलेला. काळ्या काचेचा, पातळ, वायफायवर चालणारा. त्याच्यावर पाय ठेवला की आकडा आधी दादाच्या फोनवर उमटायचा आणि मग बेबीला दिसायचा, असं तिला वाटायचं. कारण आईची चादर नीट करून होत नाही तोच दादाचा फोन यायचा. अर्धा किलो कमी कसं झालं? प्रोटीनची पावडर देतेस ना? डॉक्टरांना विचारलंस? बेबी उत्तरं द्यायची. दादा वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त सगळं माहीत हवं असायचं, आणि तेवढ्यानं आपण आईचं करतोय असं त्याला वाटायचं.

एका रविवारी मात्र दादा म्हणाला, "आईचं कमी होतंय आणि तुझं वाढतंय, बेबी. मी काही म्हणत नाही. फक्त आकडे सांगतोय."

मागून वहिनीचा आवाज आला, की खायला दोघींचं एकत्रच करत असेल ती.

बेबीनं फोन ठेवला. स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली, घासलेलीच पुन्हा घासली. तिचं वजन किलोभर वाढलं होतं हे खरं होतं. तिच्या फोनवर आठवडाभर गुडघ्याच्या पट्ट्यांच्या आणि पोट कमी करण्याच्या चहाच्या जाहिराती येत होत्या, त्या कुठून आल्या हेही तिला आता कळलं. तिनं काट्यातले सेल काढले आणि काटा माळ्यावर टाकला.

२

वजन तर करायलाच हवं होतं. आईच्या औषधाचं प्रमाण वजनावर ठरायचं, आणि डॉक्टर दर महिन्याला आकडा मागायचे. दुकानातून घरी येताना बेबी एका मोठ्या विद्युत उपकरणांच्या दुकानात शिरली.

दुकानदारानं एकामागून एक काटे काउंटरवर मांडले. हा चरबी सांगतो, हा हाडं सांगतो, हा हृदयाचे ठोके मोजतो आणि अख्ख्या कुटुंबाला कळवतो. बेबीनं प्रत्येकाबद्दल एकच विचारलं, माहिती जाते कुठे?

"वर जाते, मॅडम."

"वर म्हणजे?"

दुकानदारानं बोट वर केलं. छताला पंखा होता. दोघंही क्षणभर पंख्याकडे बघत राहिली. मग तोच हसला आणि म्हणाला, की वर कुठे ते आम्हालाही कोणी सांगत नाही.

बेबीनं आपल्याला काय हवं ते सांगितलं. खातं उघडायला लागू नये. फोन नंबर, जन्मतारीख मागू नये. वायफाय तर मुळीच नको. मागच्या आठवड्यांचे आकडे लक्षात ठेवावेत, पण स्वतःच्या पोटात ठेवावेत, आणि आपण सांगू तेव्हा पुसून टाकावेत. असे काटे कुणी घेत नाही, असं पुटपुटत दुकानदार आत गेला आणि बऱ्याच वेळानं एक साधा पुठ्ठ्याचा खोका घेऊन आला. कंपनीचं नाव बेबीनं कधी ऐकलेलं नव्हतं. खोक्यावर एकच ओळ ठळक होती: या घरातलं या घरात.

काटा मात्र हुशार होता. उभ्या माणसाचे तळवे आणि वजन यांवरून तो माणूस ओळखायचा. नाव विचारायचा नाही, फक्त क्रमांक द्यायचा. पहिला जो उभा राहील तो एक, दुसरा दोन. आकड्याच्या कोपऱ्यात तो क्रमांक बारीक अक्षरात उमटायचा. मागचं बटण दाबून धरलं की सगळं पुसलं जायचं. बेबीनं तिथल्या तिथे काट्यावर उभं राहून पाहिलं, बटण दाबून पुसून पाहिलं, पुन्हा उभी राहिली. पुन्हा एक. खोक्याच्या चारही बाजूंची बारीक अक्षरं तिनं वाचून काढली. दुकानदार म्हणाला, "मॅडम, लग्नाचं स्थळसुद्धा लोक एवढं तपासत नाहीत."

"म्हणूनच," बेबी म्हणाली. ती स्वतः बिनलग्नाची होती, हे त्याला कुठून ठाऊक असणार.

३

पहिले काही रविवार सुखाचे गेले. आईला घेऊन उभं राहिल्यावर काटा दोघींना मिळून एक नवा माणूस समजला आणि त्याला त्यानं दोन क्रमांक दिला. बेबी एकटी ती एक, आणि आईला उचललेली बेबी ती दोन. बेबीला याची गंमत वाटली. दादाला ती फोनवर आकडा सांगायची, आणि तो सांगण्यातलं सुख वेगळंच होतं. आपण सांगू तेव्हाच त्याला कळणार.

कुणी बघत नाही म्हटल्यावर बेबी स्वतःकडेही बघायला लागली. शिवणाच्या डब्यातली टेप काढून ती कंबर, दंड, मांड्या मोजू लागली. आई पलंगावरून बघायची. आईचं निम्मं तोंड हलायचं आणि निम्मं स्थिर राहायचं, त्यामुळे ती हसतेय की नाही हे तिच्या हसऱ्या बाजूला उभं राहूनच कळायचं. पलंग भिंतीला लावलेला होता आणि हसरी बाजू भिंतीकडे होती.

मग एका रविवारी बेबीनं आईला उचललं, सत्त्याण्णव आलं, कोपऱ्यात दोन. आईला ठेवलं. पांघरूण सारखं केलं. एकटी उभी राहिली. चौपन्न. सगळं बरोबर होतं. ती खाली उतरणार तेवढ्यात तिची नजर कोपऱ्यावर गेली.

चौपन्नाच्या कोपऱ्यात दोन होतं.

४

बेबी उतरली आणि पुन्हा चढली. चौपन्न, दोन.

तिचं निम्मं आयुष्य अंधाऱ्या खोलीत माणसांना अक्षरं वाचायला लावण्यात गेलं होतं. माणूस दिसतं ते वाचत नाही, जे असेल असं वाटतं ते वाचतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून ती आधी स्वतःचा चष्मा पुसून आली. मग काटा उचलून फरशीवर दुसरीकडे ठेवला. मग तळवे कोरडे केले. दोन.

सोमवारी तिनं बटण दाबून काट्यातलं सगळं पुसलं. पडदा कोरा झाला. आता काट्याच्या लेखी जगात कुणीच नव्हतं. ती अनवाणी उभी राहिली. चौपन्न आलं आणि कोपऱ्यात, एक कुणाला दिलेला नसताना, सरळ दोन आलं.

दिवसा आईपाशी बसायला येणाऱ्या मावशी तेवढ्यात आल्या. बेबीनं त्यांना हसत हसत काट्यावर उभं केलं. मावशींनी पदर सावरला, एकसष्ट भरल्या, वाढलंय म्हणून जीभ चावली. कोपऱ्यात एक आला. रिकामी राहिलेली जागा काट्यानं मावशींना देऊन टाकली होती.

दुपारी चष्म्याच्या दुकानातून बेबीनं खोक्यावरच्या नंबरला फोन लावला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मॅडम, तुमच्या काट्यात काय आहे ते आम्हाला दिसतच नाही. आमच्याकडे तुमची काहीच माहिती येत नाही. तोच तर आमचा शब्द आहे."

बेबीला हे कबूलच करावं लागलं. तिनं हेच पाहून काटा घेतला होता.

कोपऱ्यातला एक बारीक आकडा. त्यानं काय बिघडतं? वजन तर बरोबर येत होतं ना. असं स्वतःला समजावून बेबीनं तो विषय मिटवला. पण त्या दिवसापासून ती काट्यावर उभी राहिली की आई मान वळवून भिंतीकडून तिच्याकडे बघायला लागली.

५

वजनही बरोबर येईनासं झालं. दोघींचं मिळून सत्त्याण्णव, ते मात्र दर आठवड्याला जसंच्या तसं. फरक पडत होता तो एकटीच्या आकड्यात. आधी सत्तावन्न. नंतर त्रेसष्ट. मग एकाहत्तर. आणि वजाबाकी केली की आई उरायची चाळीस, चौतीस, सव्वीस.

बेबीनं काट्यावर पाण्याची बादली ठेवून पाहिली, बादलीचं वजन अचूक आलं. मावशी रोज एकसष्टच भरायच्या. सेल बदलले. काही उपयोग झाला नाही. मग तिनं टेप काढली. काट्याच्या हिशेबानं एवढं वाढलेलं शरीर टेपवर दिसायला हवं होतं. टेप उलटंच सांगत होती. कंबर कमी झाली होती, दंड उतरले होते, अंगठीच्या बोटातली अंगठी फिरत होती. दुकानाच्या मालकानं तर विचारलंच, की तब्येत बरी नाही का, फार वाळलात.

आई मात्र होती तशीच होती. गाल भरलेले, मनगटं गोल. चमच्यानं भरवलेलं सगळं खायची.

डॉक्टरांनी आकडा मागितला तेव्हा बेबीनं त्रेचाळीस सांगितलं. दादालाही त्रेचाळीसच सांगितलं. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, पण खरं सांगणार काय? आईचं कमी होतंय आणि माझं वाढतंय, असं? ते तर तो आधीच म्हणून बसला होता. त्याचं तेव्हा जे बोलणं लागून तिनं फोन ठेवला, तेच आता तिच्या स्वतःच्या काट्यावर दर रविवारी उमटत होतं, आणि ते बघायला ती एकटीच होती. कुणाला कळू नये म्हणून घेतलेल्या काट्याचा हा अर्थ तिच्या आधी लक्षात आला नव्हता. जे कुणालाच कळत नाही, त्याला साक्षीदारही कुणी नसतो.

त्याच सुमारास लिफ्टचं झालं. बेबी चौथ्या मजल्यावर राहायची. इमारतीची लिफ्ट चार माणसांची. शेजारचं जोडपं आणि त्यांची सडपातळ मुलगी आत उभी होती, बेबी नेहमीसारखी शिरली, आणि जास्त वजनाची घंटा वाजली. ती बाहेर आली, घंटा थांबली. पुन्हा पाय ठेवला, पुन्हा वाजली. शेजारी म्हणाला, लिफ्टला सर्व्हिसिंग हवंय. सगळे हसले. बेबीही हसली, म्हणाली की मी जिन्यानं येते, आणि दार बंद होईपर्यंत हसत राहिली.

जिना चढताना दुसऱ्या मजल्यावरच तिला बसावं लागलं. पाठ भरून आली होती. दम लागल्यावर जसा आपला श्वास आपल्याला ऐकू येतो तसा तिला येत होता, फक्त तो तिच्या मानेच्या मागून येत होता. ती श्वास रोखून बसली. श्वासाचा आवाज जरा उशिरानं थांबला.

६

आता बेबीला मनातल्या मनात एक गोष्ट मान्य करावी लागली. ती काट्याआधीच तिला ठाऊक होती, फक्त तिच्याकडे तिनं बघितलं नव्हतं. आईला उचलताना आता जड लागत नसे. आणि आईला पलंगावर ठेवल्यावर हलकं वाटत नसे.

पूर्वी ठेवल्यावर कसं वाटायचं ते तिला नीट आठवत होतं. हात आपोआप वर यायचे, खांदे सुटायचे, क्षणभर आपण तरंगतोय असं व्हायचं. त्या एका क्षणासाठी ती रविवारची वाट बघायची. तो क्षण येईनासा होऊन किती दिवस झाले होते, हे तिला सांगता आलं नसतं.

एकदा दुकानातून आल्यावर तिनं मावशींना विचारलं, की आईची चादर बदलताना काही वेगळं जाणवतं का. मावशी घडी घालत होत्या. त्यांचे हात थांबले.

"ताई, आजी हलक्या झाल्यात," त्या म्हणाल्या. "परवा कूस वळवायला हात लावला तर नुसत्या ओढल्या गेल्या. उशीसारख्या. मला वाटलं, माझाच जोर जास्त लागला."

मग त्या म्हणाल्या, की खालच्या मजल्यावरचे विचारत होते, तुमच्या ताई घरात असतात तेव्हा एवढ्या पाय आपटत का चालतात.

मावशी गेल्यावर बेबी पलंगापाशी उभी राहिली. दुपार उतरत होती, खिडकीतून तिरपा उजेड गादीवर पडला होता. गादी सपाट होती. आईच्या देहाखाली, पाठीखाली, डोक्याखाली, कुठेही खड्डा नव्हता. आई गादीवर नुसती टेकवल्यासारखी होती. डोळे उघडे, गाल भरलेले, छाती नीट वरखाली होत होती. बेबीनं पलंगाच्या कडेला हात टेकला. तिच्या तळव्याखाली गादी खोलवर दबली, आणि पलंगाची लाकडं करकरली.

आई तिच्याकडे बघत होती. बेबी मुद्दाम पलंगावरून भिंतीच्या बाजूला वाकली, आईच्या चेहऱ्याची चांगली बाजू बघायला.

आई हसत होती. प्रेमानंच हसत होती. बेबीला त्याचीच जास्त भीती वाटली.

७

दादा न कळवता आला. आल्याआल्या म्हणाला, मावशींशी बोलणं झालं माझं, त्या म्हणतात आई पिसासारखी झालीय. तू मला त्रेचाळीस सांगत होतीस.

बेबीनं त्याला बसायला सांगितलं, पाणी दिलं. तो बसला नाही. त्यानं ठरवून आणलेलं बोलणं उभ्यानंच बोलून टाकलं. मी लांब असतो म्हणजे मला काही कळत नाही असं नाही. तो काटा बंद का केलास? लपवायचं काय होतं? बेबी ऐकत राहिली. पूर्वी अशा वेळी तिला रडू यायचं. आज तिला नुसतं उभं राहणंही कष्टाचं होतं.

ती आत गेली, काटा घेऊन आली, दादाच्या पायाशी ठेवला.

"आधी तू एकटा उभा राहा."

दादा चिडून उभा राहिला. ब्याऐंशी.

"आता आईला उचल."

दादा थबकला. आईला आजवर त्यानं कधी उचललं नव्हतं. यायचा तेव्हा पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसायचा, हात हातात घ्यायचा. आता त्यानं बेबी सांगेल तसे हात घातले, एक पाठीखाली, एक गुडघ्यांखाली, आणि जोर लावून उचललं. जोर इतका जास्त झाला की तो मागे झोकांडला. त्याच्या हातांवर आई आडवी होती, तिचे पाय नीट लोंबत होते, आणि त्याच्या चेहऱ्यावर भरलेल्या पोत्याऐवजी रिकामं पोतं हाती आल्यावर होतं तसं काहीतरी झालं.

तो काट्यावर चढला. ब्याऐंशी.

आईला घेऊन तो तसाच उभा राहिला. मग त्यानं आईला फार जपून, पण घाईनं खाली ठेवलं आणि तळवे पँटला पुसले.

"बिघडलाय हा," तो म्हणाला.

"मग मी उभी राहते. बघ."

बेबी एकटी काट्यावर चढली. काटा करकरला. हात तिनं दोन्ही बाजूंना पसरून दाखवले, काही धरलेलं नाही, कुठे टेकलेली नाही. वाळलेली मनगटं, गळ्याशी दिसणारी हाडं. खाली आकडा थरथरला आणि थांबला. सत्त्याण्णव.

"दादा, बघ."

दादा खिडकीबाहेर बघत होता.

"दादा, एकदाच बघ. मी दुसरं काही मागत नाही."

डोळे तपासायला येणारी काही माणसं तक्त्याकडे बघायचंच टाळतात, हे बेबीनं वर्षानुवर्षं पाहिलं होतं. त्यांना दिसत नाही असं नसतं. एकदा वाचलं की नंबर लागणार, हे त्यांना कळत असतं. दादा तसाच उभा होता. खिडकीबाहेर बघायला काही नव्हतं, समोरच्या इमारतीची भिंत होती.

बऱ्याच वेळानं त्याला राग सापडला आणि त्याचा चेहरा सावरला. आईला मी घेऊन जातो, तो म्हणाला. हे आधीच करायला हवं होतं. इथे तिची आबाळ झालीय, आणि तुझंही काही ठीक दिसत नाही. तू विश्रांती घे.

हे वाक्य ऐकायला बेबी कित्येक वर्षं थांबली होती. ते असं येईल असं मात्र तिला वाटलं नव्हतं. तिनं आईचे कपडे भरले, औषधं क्रमानं लावली, काय कधी द्यायचं ते दादाला दोनदा सांगितलं. दादानं आईला एकट्यानं, एका हातावर घेतल्यासारखं, जिन्यानं खाली नेलं. त्याला कुठेही थांबावं लागलं नाही. गाडीच्या मागच्या सीटवर आईला निजवताना बेबी वाकली आणि तिनं आईच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ कोमट होतं. डोळे मात्र कुणाचेच नव्हते. ते बेबीच्या खांद्याच्या वर, जरा मागे, बघत होते, आणि तिथे कुणी ओळखीचं दिसल्यासारखे निवांत झाले होते.

गाडी गेली. बेबीला जिना चढायला खूप वेळ लागला.

८

घरात पहिल्यांदाच काही करायचं नव्हतं. बेबीनं पलंगावरची चादर काढली, गादी उन्हात टाकली. औषधांच्या वासाची ती खोली झाडली, पुसली. मग आरामखुर्चीत बसली, तर खुर्चीचं कापड उसवलं. मग ती फरशीवर बसली. आपण फक्त थकलोय, असं ती स्वतःला सांगत होती. इतक्या वर्षांचा थकवा आहे, एका दिवसात कसा जाईल? माणसाच्या स्नायूंना सवय लागते. कापलेल्या पायालाही खाज सुटते म्हणतात. हे सगळं पटण्यासारखं होतं आणि ती ते मन लावून पटवून घेत होती.

काट्यावर ती पुन्हा उभी राहिली नाही.

काही दिवसांनी दादाचा फोन आला. आवाज मोकळा, जुना, लहानपणी तिला सायकलवर डबलसीट न्यायचा तेव्हाचा. आई मजेत आहे, तो म्हणाला. वेळेवर खाते, वेळेवर झोपते. शेजारचे डॉक्टर बघून गेले, नाडी चांगली आहे म्हणाले. वहिनीनं मध्येच फोन घेतला आणि तीही कौतुकानं सांगू लागली, की सासूबाईंचं काही म्हणजे काही करावं लागत नाही. उचलायला लागत नाही, वळवायला लागत नाही. घरात आहेत असं वाटतसुद्धा नाही.

मग पुन्हा दादा फोनवर आला.

"राग मानू नकोस, बेबी," तो म्हणाला, "पण आईचं एवढं काही जड नाही गं. तू उगाच फार मनावर घेतलंस."

बेबीनं बरं म्हटलं. आणखी काही म्हणावं असं तिच्या मनात आलं, पण शब्द वर आणायलाही ताकद लागते. तिनं विचारलं, आई बोलते का काही? दादा म्हणाला, नाही, पूर्वी घशातून काहीतरी आवाज तरी करायची, आता तोही नाही. एकदम शांत.

फोन ठेवून बेबी आडवी झाली. दुपारची वेळ होती. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. पाठीवर निजणं तिला जमेना. पाठ आणि गादी यांच्यामध्ये काहीतरी होतं, आणि आपल्या भारानं ते दबतंय अशी तिला काळजी वाटत होती. ही काळजी अंगावर शहारा आणणारी नव्हती. ती रोजच्या कामासारखी होती, आणि ते बेबीच्या लक्षात आलं. ती डाव्या कुशीवर वळली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मागे वळून बघायचं नाही, एवढं तिनं ठरवलं. भिंतीवर उन्हाचा चौकोन होता, त्यात तिच्या खांद्याची सावली पडली होती, आणि त्या सावलीला दोन उतार होते.

तिनं डोळे मिटले. पाण्याचा आवाज थांबला. घरात काही हललं नाही.

मग कानाच्या अगदी मागे, उबदार, स्वच्छ, झटक्याआधीच्या आवाजात कुणीतरी म्हणालं, "बेबी, हात अवघडला गं."

बेबी थोडा वेळ तशीच पडून राहिली. मग तिनं कूस बदलली. सावकाश, मागचीचा हात अंगाखाली येणार नाही अशा बेतानं.